फ्लॉवरहॉर्न-ऑस्करची पांढरी विष्ठा आणि डोक्यावरचे खड्डे : सोलापूरच्या पाण्यात उपचार कसा करायचा

टँकमधला ऑस्कर मासा दाणा तोंडात घेतो, चघळतो आणि बाहेर टाकतो. फ्लॉवरहॉर्न काचेवर बोट ठेवलं तरी धावून येत नाही, अंग काळवंडून कोपऱ्यात उभा राहतो. मागे शेवयीसारखी पांढरी, चिकट, लांब विष्ठा लोंबत असते आणि तासभर सुटत नाही. पुढच्या काही आठवड्यांत पोट आत जातं, डोक्याचा उंचवटा बसतो आणि डोळ्यांच्या वर, कपाळावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतात. सिक्लिड या कुळातले शोभेचे मासे पाळणाऱ्यांना हा आजार कधी ना कधी भेटतोच. दुकानांत याला ‘होल इन द हेड’ किंवा ‘हेक्झामिटा’ म्हणतात.

या आजारात माशाच्या पोटात असणारा जीव बहुतेक वेळा स्पायरोन्यूक्लियस नावाचा एकपेशीय परजीवी असतो. सिक्लिडमध्ये आढळणाऱ्या स्पायरोन्यूक्लियस व्हॉर्टेन्स या जातीचं वर्णन १९९५ मध्ये एंजलफिशमधून झालं. त्याआधी असल्या परजीवींना बहुतेकदा सरसकट हेक्झामिटा म्हणायचे आणि ते नाव बाजारात टिकून राहिलं. एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सगळे सिक्लिडच, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना लागू आहे. उजनीची चिलापीसुद्धा याच कुळातली.

हा परजीवी निरोगी दिसणाऱ्या माशाच्या आतड्यातही थोड्या संख्येने राहू शकतो. पाणी बिघडलं, टँकमध्ये गर्दी झाली, पिशवीत चोवीस तासांचा प्रवास झाला, मे महिन्यात पाणी ३४ अंशांवर गेलं, की माशाची ताकद कमी होते आणि त्याची संख्या वाढते. त्यामुळे गोळीने परजीवी मेला तरी पाणी तसंच राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत पांढरी विष्ठा परत दिसते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून इथे औषधाचा कोर्स पाण्याच्या दिवसाला बांधूनच आखावा लागतो. या लेखात जास्त जागा पाण्याला दिली आहे ती यासाठीच.

आधी खात्री करा

पांढरी विष्ठा दिसली की लगेच गोळी टाकू नका. दोन-तीन दिवस उपाशी असलेल्या माशाचीही विष्ठा पांढरट, रिकाम्या पिशवीसारखी येते, कारण आतड्यातला नुसता चिकट पदार्थ बाहेर पडत असतो. मासा नीट खात असताना सलग तीन-चार दिवस पांढरी विष्ठा दिसत असेल तर संशय पक्का. लाल दाणे खाणाऱ्या फ्लॉवरहॉर्नची विष्ठा लालसर-तपकिरी असायला हवी. त्यात अर्धी लाल, अर्धी पांढरी दोरी दिसणं ही सुरुवातीची खूण असते. याच टप्प्यावर पकडलं तर उपचार सोपा जातो.

खड्ड्यांच्या बाबतीतही घाई नको. सिक्लिडच्या डोक्यावर जन्मापासूनच संवेदनेची बारीक छिद्रं असतात. दोन्ही बाजूंना सारखी, कडा स्वच्छ, आत पांढरं काही नाही, तर ती नैसर्गिक आहेत. आजाराचे खड्डे एका बाजूला जास्त, वाढत जाणारे आणि कडा झिजलेल्या असतात, आणि त्यांतून पांढरट धागा डोकावतो. कडा लालभडक असेल तर जखमेत जिवाणू शिरलेले असतात. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील तर तो पांढरे ठिपके हा वेगळाच आजार आणि त्याचं औषधही वेगळं. गुदद्वारातून बारीक लाल धागे बाहेर येऊन आत जात असतील तर ते कॅमेलॅनस जंत आहेत. त्यांच्यावर खाली दिलेलं औषध काही करत नाही, लेव्हॅमिसोल लागतं.

सर्वांत चांगली खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. माशाने नुकतीच टाकलेली विष्ठा ड्रॉपरने उचला, काचपट्टीवर टँकच्याच पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप. ४०० पट मोठं केल्यावर नासपतीच्या आकाराचे, १०-१५ मायक्रॉनचे जीव सुसाट पळताना दिसले तर निदान झालं. विष्ठा ताजीच हवी, कारण परजीवी मेला की हालचाल थांबते आणि मग तो ओळखू येत नाही. प्राणिशास्त्राचा विभाग असलेल्या कॉलेजात ओळख असेल तर हे काम काही मिनिटांचं आहे.

पाण्याची चाचणी मात्र प्रत्येकाने घरी करावी : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या) खाली, शक्यतो २० च्या आसपास. इथलं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं, आणि अशा पाण्यात थोडा अमोनियाही महागात पडतो. पीएच ७ आणि तापमान २५ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग शंभरात एकही नसतो. पीएच ८ आणि तापमान ३० झालं की तो शंभरात सात-साडेसातवर जातो. म्हणजे किटवर रंग तोच, पण विष दहापटीहून जास्त.

हॉस्पिटल टँक आणि पाण्याचा हिशोब

एकच मासा आजारी असेल तर मोठ्या टँकमध्ये औषध ओतू नका. २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच असा साधा टँक घ्या. पाणी १२ इंचांपर्यंत भरा. लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं इंचांत, भागिले ६१, म्हणजे लिटर. २४ × १२ × १२ ÷ ६१, उत्तर ५७ लिटर. बाहेरून काचेवर ६ आणि १२ इंचांवर चिकटपट्टीच्या खुणा करा. रोज १२ वरून ६ पर्यंत पाणी काढायचं आणि परत १२ पर्यंत भरायचं, म्हणजे रोज २८ लिटर. मोजमाप करत बसायची गरज उरत नाही.

तळाला वाळू-दगड काही नको. विष्ठा दिसली पाहिजे आणि रोज सायफनने उचलता आली पाहिजे. एक स्पंज फिल्टर, तोही जुन्या टँकमध्ये किमान तीन-चार आठवडे चाललेला, म्हणजे त्यात अमोनिया खाणारे जिवाणू तयार असतील. नवा कोरा स्पंज लावला तर तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो आणि औषध लागू पडलं नाही असं वाटतं. ४ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला ठेवा. तीन बाजूंना कागद लावा, लाइट बंद ठेवा. मासा शांत राहतो आणि उजेडाने कमकुवत होणारं हे औषधही जास्त टिकतं. वर झाकण हवंच, घाबरलेला फ्लॉवरहॉर्न उडी मारतो. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. यूव्ही दिवा असेल तर बंद.

आता पाणी. पहिल्या दिवशी ५७ लिटर, दुसऱ्या ते पाचव्या दिवशी रोज २८, म्हणजे ११२, आणि कोर्स संपल्यावर सहाव्या दिवशी आणखी २८. एकूण १९७ लिटर. म्हणजे २०० लिटरचा एक पिंप पूर्ण भरलेला हवा आणि सांडलवंडीसाठी वर दोन बादल्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी पिंप भरा, दुसऱ्या दिवशी कोर्स सुरू करा. मधल्या दिवसांत पुरवठा पुढे ढकलला गेला, मोटार जळली, काहीही झालं तरी कोर्स थांबत नाही. पिंप अर्धा असताना ‘परवा पाणी येईलच’ या भरवशावर सुरुवात केलेले कोर्स तिसऱ्या दिवशी अडतात, आणि अर्धवट कोर्स म्हणजे परजीवीला सवय लावणं.

पिंप घेताना जपा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात डाइंगच्या कारखान्यांतून निघालेले निळे बॅरल स्वस्तात मिळतात. त्यांत रंग किंवा रसायन होतं का, हे धुऊन कळत नाही. खाद्यतेलाचा किंवा नवाच पिंप घ्या. तोंडाला दुहेरी सुती कापड बांधा, नाहीतर डेंगीच्या डासांची अंडी होतात. डेंगीच्या तपासणीला आरोग्य कर्मचारी घरी येतात तेव्हा साठवलेल्या पाण्यात ॲबेट हे डासांच्या अळ्या मारणारं औषध टाकतात. हा पिंप माशांचा आहे हे त्यांना आधी सांगा आणि झाकलेला दाखवा.

क्लोरीन काढायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १० ग्रॅम खडे मोजून १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. हे द्रावण २० मिलिलिटर २०० लिटरच्या पिंपात टाका. त्याने लिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन निघतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा पाण्याला जास्त वास येत असेल तेव्हा ग्रामपंचायतीत वापरतात ती क्लोरीन ओळखायची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करून बघा. पिवळा रंग आला तर आणखी १० मिलिलिटर टाका आणि पुन्हा तपासा. पिंपात एक एअर स्टोन सोडून ठेवा. गढूळ पाण्यात घरोघरी तुरटी फिरवतात किंवा मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब टाकतात. तसलं पाणी टँकला अजिबात वापरू नका. तुरटीने पीएच खाली येतो आणि तिच्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना घातक आहे.

पाणी टंचाईच्या दिवसांत काही जण घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी टँकमध्ये ओततात. पाणी वाचवण्याची भावना योग्य आहे, पण त्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट दोन्ही एकवटलेले असतात. ते अंगण धुवायला वापरा. बोअरचं पाणी वापरणार असाल तर त्याची नायट्रेटची चाचणी आधी करा. शेताजवळच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट मुळातच जास्त निघू शकतो, आणि मग कितीही पाणी बदललं तरी आकडा खाली येत नाही.

औषध

औषधाचं नाव मेट्रोनिडाझोल. माणसांच्या जुलाबावरची हीच गोळी २०० आणि ४०० मिलिग्रॅममध्ये येते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी आहे, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांना माशाची लक्षणं आणि पाण्याचे आकडे दाखवून चिठ्ठी घ्या. गोळीत फक्त मेट्रोनिडाझोल आहे हे पाकिटावर वाचा. नॉरफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिन मिसळलेल्या जोडगोळ्या अगदी सर्रास मिळतात. त्यांतलं प्रतिजैविक फिल्टरमधल्या जिवाणूंना मारू शकतं. नुसतं मेट्रोनिडाझोल फिल्टरला सहसा धक्का लावत नाही. सिरप तर नकोच; त्यात साखर असते, पाण्यात ओतलं की दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं.

मात्रा लिटरला ७ मिलिग्रॅम. ५७ लिटरला ३९९, म्हणजे ४०० ची एक गोळी. टँकचं माप वर तसं सांगितलं ते यासाठीच.

गोळी दोन चमच्यांत दाबून कुटा, बारीक पूड करा. हे औषध पाण्यात फार सहज विरघळत नाही, १०० मिलिलिटरला साधारण १ ग्रॅम एवढंच. म्हणून ४०० मिलिग्रॅमला किमान २०० मिलिलिटर कोमट पाणी घ्या आणि पाच मिनिटं ढवळा. तळाला पांढरा गाळ उरतो, तो गोळीतला भराव असतो. कापडातून गाळून घ्या. हातमोजे घाला, पूड नाकात जाऊ देऊ नका, गरोदर बाईने हे काम करू नये. चमचे वेगळे ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

पहिल्या दिवशी हॉस्पिटल टँक पिंपातल्या पाण्याने भरा. मासा त्याच्या जुन्या पाण्यासकट बादलीत घ्या आणि अर्ध्या तासात मगभर-मगभर नवं पाणी मिसळत जा. सोडल्यावर दोन तास थांबा, मग संध्याकाळी औषधाचं द्रावण एअर स्टोनच्या बुडबुड्यांवर ओता. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत रोज त्याच वेळी : तळातली विष्ठा सायफनने उचलत पाणी ६ इंचांवर आणा, पिंपातलं पाणी घालून १२ वर न्या, आणि पूर्ण ४०० मिलिग्रॅमची गोळी पुन्हा द्या. अर्धंच पाणी बदललंय म्हणून अर्धी गोळी, असा हिशोब करू नका. आदल्या दिवशीचं औषध बरंचसं उतरलेलं असतं, आणि समजा सगळं टिकलं तरी प्रमाण दुपटीच्या वर जात नाही. तेवढं मासा सहन करतो. सहाव्या दिवशी अर्धं पाणी बदला, औषध नाही.

काढलेलं पाणी न्हाणीघराच्या मोरीत ओता. विहिरीजवळ किंवा ओढ्यात नको.

या पाच दिवसांत तापमान २७ ते २९. जुन्या सल्ल्यांमध्ये पाणी ३२-३३ वर न्या असं सांगितलेलं असतं. हा परजीवी २८ ते ३१ अंशांत उलट चांगला वाढतो, म्हणजे थोडं तापवून तो मरत नाही, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मात्र कमी मावतो : २५ अंशांवर लिटरला साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३४ वर ७ च्या आसपास. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात अडचण उलटीच असते. झाकणाच्या जागी जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ टाकायचाच तर बंद बाटलीतून, एका वेळी एक, म्हणजे तापमान झपकन पडणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर लागतोच. लाइट जाण्याची भीती कायम धरा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून ठेवा.

मासा खात असेल तर औषध दाण्यातून

परजीवी आतड्यात आहे, म्हणून औषध आतड्यात पोचणं सर्वांत चांगलं. मासा थोडं तरी गिळत असेल तर दाण्यातून द्या. पाण्यातून दिलेल्या औषधापेक्षा हे जास्त परिणामकारक असतं. मात्रा माशाच्या वजनावर : किलोला ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, सलग पाच दिवस.

वजन अंदाजाने धरू नका. टँकचं पाणी अर्धी बादली भरून वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्य करा, मासा ओल्या जाळीतून अलगद आत सोडा. ३०० ग्रॅमच्या माशाला रोज १५ मिलिग्रॅम लागतं.

२०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि २० ग्रॅम दाणे, म्हणजे ग्रॅमला १० मिलिग्रॅम. बिनवासाचं जिलेटिन एक छोटा चमचा, ३० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवा, कोमट होऊ द्या, त्यात गोळीची पूड मिसळा आणि दाण्यांवर ओतून पटापट हलवा, प्रत्येक दाण्याला लेप बसला पाहिजे. ताटलीत पसरून फ्रीजमध्ये दोन तास. जिलेटिन नको असेल तर चायना ग्रास चालतं, पण ते उकळावं लागतं, आणि पूड ते निवल्यावर, घट्ट होण्याच्या आत मिसळायची. ३०० ग्रॅमच्या माशाला यातले, लेपाआधीच्या कोरड्या वजनाने, दीड ग्रॅम दाणे रोज. पहिली पाच मिनिटं तेवढेच द्या, दुसरं काही नाही. उरलेले दाणे डब्यात भरून फ्रीजरमध्ये, डब्यावर ठळक चिठ्ठी.

गोळी अतिशय कडू असते, म्हणून मासा थुंकतो. आदल्या दिवशी उपाशी ठेवलं तर बहुतेक मासे घेतात. लेपात लसणाचा दोन-तीन थेंब रस घातला तर वासाने ओढले जातात. लसणाने परजीवी मरत नाही, तो फक्त आमिष. थुंकलेला दाणा पाण्यात मिनिटभर राहिला की औषध सुटून जातं, तो पुन्हा तोंडात गेला तरी मात्रा पोचली असं धरू नका. सलग दोन दिवस थुंकत असेल तर सरळ पाण्यातून कोर्स सुरू करा. पाण्यातल्या कोर्सच्या चौथ्या-पाचव्या दिवशी भूक परतली, तर तो पूर्ण झाल्यावर पाच दिवस औषधी दाणे देऊन आतडं साफ करून घेता येतं.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना सिक्लिड एकाच टँकमध्ये असतील आणि दोघा-तिघांची विष्ठा पांढरी असेल, तर सगळ्या टँकला द्यावं लागतं. ३ फुटी टँक, ३६ × १८, पाणी १६ इंच : १७० लिटर, वाळू-दगडांचे दहा वजा, १६० लिटर. मात्रा ११२०, म्हणजे ४०० च्या तीन गोळ्या. इथे रोज अर्धं पाणी बदलणं एका पिंपात बसत नाही. रोज पाव भाग, ४० लिटर, धरा. पाच दिवसांच्या चार बदलांना १६० लिटर, आणि नंतरच्या सहाव्या दिवसाला ४०. पुन्हा तोच २०० लिटरचा पिंप. म्बुनाचं पोट एकदम फुगून खवले उभे राहिले असतील तर तो पुढचा टप्पा आहे. तेव्हा त्या माशाला वेगळं काढा, खाणं बंद, औषधासोबत एप्सम सॉल्ट २० लिटरला ५ ग्रॅम. खवले उभे राहिलेला मासा वाचण्याची शक्यता कमी असते, हे मनाशी धरूनच प्रयत्न करा.

परिणाम कसा ओळखायचा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगाचा काळेपणा उतरतो. पाचव्यापर्यंत मासा माणसाकडे बघून पुढे येतो. विष्ठेचा रंग सर्वांत शेवटी सुधारतो, कारण आधी त्याने खायला हवं. कोर्स संपल्यावर एक आठवडा नुसतं निरीक्षण. खात असूनही विष्ठा पांढरी असेल तर दुसरा पाच दिवसांचा कोर्स. त्यानंतरही तेच राहिलं तर तिसरा कोर्स करू नका. निदान चुकलेलं असतं. बहुतेकदा आतड्यात जंत असतात, त्यांना प्राझिक्वांटेल किंवा लेव्हॅमिसोल लागतं, आणि कुठलं ते सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

डोक्यावरचे खड्डे पाच दिवसांत भरत नाहीत. छोटे खड्डे काही आठवड्यांत, मोठे महिनोन्‌महिन्यांत भरतात आणि काहींचा व्रण कायम राहतो. त्यात हळद, पोटॅशियम परमँगनेट, माणसांची मलमं काही भरू नका. मासा बाहेर काढून खड्डे पुसण्याने तो रोजच्या रोज घाबरतो आणि तेवढंच बरं होणं लांबतं. खड्डे भरतात ते स्वच्छ पाण्याने आणि चांगल्या अन्नाने.

अन्नाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. हेड वाढावं म्हणून फ्लॉवरहॉर्नला कोंबडीचं काळीज, मटणाचा खिमा रोज देणारे बरेच आहेत. या मांसातली चरबी माशाला पचत नाही, पाणी लगेच बिघडतं, आणि जीवनसत्त्वं-कॅल्शियम कमी पडतं. या कमतरतेचा संबंध खड्ड्यांशी लावला जातो. चांगल्या प्रतीचे ताजे दाणे हाच मुख्य आहार ठेवा. डबा उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या, कारण त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने झपाट्याने कमी होतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर डबा फ्रीजमध्येच ठेवावा. म्बुना शेवाळ खाणारे आहेत, त्यांना स्पिरुलिनाचे दाणे. हिप्परग्याच्या तलावातून पकडलेले जिवंत छोटे मासे किंवा चिलापीची कच्ची पिल्लं चारा म्हणून देऊ नका. त्यांच्या पोटातले परजीवी थेट तुमच्या टँकमध्ये येतात. जवळा द्यायचा तर धुऊन मीठ काढून, आठवड्यातून एखाद्या वेळी.

एक बजावून सांगायचं आहे. मेट्रोनिडाझोल हे शोभेच्या माशांपुरतंच. शेततळ्यातल्या, खायच्या माशांना ते देऊ नका. निर्यातीच्या मासळीत या गटातली औषधं निषिद्ध आहेत. आणि उपचाराला कंटाळून किंवा आकार वाढला म्हणून ऑस्कर-फ्लॉवरहॉर्न सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडू नका. मोझांबिकची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती आपल्या धरणांत, नद्यांत सगळीकडे आहे. सिक्लिड एकदा पाण्यात स्थिरावला की काढता येत नाही.

मोठा टँक तोवर

आजारी मासा बाजूला असताना मोठ्या टँककडे लक्ष द्या. वाळूतली घाण सायफनने दोन भागांत काढा, अर्धी वाळू या पाण्याच्या दिवशी, उरलेली पुढच्या. एकदम सगळी धुतली तर फिल्टरचा तोल जातो. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्यात धुऊ नका, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. जाळ्या, पाइप, सायफनची नळी गच्चीवर कडक उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवा.

उन्हाळ्यात ३ फुटी टँकची पातळी दोन-चार दिवसांत इंचभर सहज उतरते आणि बरेच जण वरून पाणी घालून समाधान मानतात. वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. काचेवर जमणारी पांढरी रेघ त्याचीच. म्हणून भर घालायची ती आरओच्या पिण्याच्या पाण्याने, आणि दर पाण्याच्या दिवशी आधी चौथा भाग काढून मगच नवं भरा. काढलेलं हे औषध नसलेलं पाणी कुंड्यांना उत्तम.

नवा मासा आणला तर तीन-चार आठवडे याच हॉस्पिटल टँकमध्ये वेगळा ठेवा. इथे विकायला येणारे मासे बहुतेक लांबून, पिशवीत गच्च बसून येतात. दुकानात धडधाकट दिसणाऱ्याची विष्ठा दहाव्या दिवशी पांढरी होऊ शकते. या काळात औषध द्यायचं नाही, फक्त रोज तळ बघायचा.

बरा झालेला मासा परत नेताना मोठ्या टँकचा नायट्रेट ४० च्या खाली आला आहे का ते आधी तपासा. सलग सात दिवस विष्ठेला दाण्याचा रंग, दाणा थुंकणं बंद, पोट भरलेलं, हे तिन्ही दिसलं की सोडा. सोडायचा तो संध्याकाळी, लाइट बंद करून. टँकमध्ये दुसरे सिक्लिड असतील तर सोडण्याआधी दगड-पाइपांची जागा बदला, म्हणजे जुन्यांची हद्द मोडते आणि अशक्त माशावर ते एकदम तुटून पडत नाहीत.